सहा मिनिटांचा तास

माझे पहिले ऑनलाइन तास ज्या खोलीत रेकॉर्ड झाले, तिथं पायाखाली एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीच्या बाहेर पाऊल पडलं की कॅमेऱ्यामागून हात वर व्हायचा. वर्गात मी कधी एका जागी उभी राहिलेली नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी इतकी वर्षं भूगोल शिकवते ती फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत. नदी वळण कसं घेते हे सांगताना मीच वळते. इथं मात्र मागं निळा पडदा, समोर आपोआप वर सरकणारी अक्षरं आणि अंगावर कडक इस्त्रीची साडी.

एका संस्थेनं घरबसल्या बी.ए. करणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम काढला होता आणि भूगोलाचा पेपर माझ्याकडं दिला होता. काम बघणारे समन्वयक सर माणूस म्हणून सज्जन, पण घड्याळापुढं त्यांचं काही चालत नसे. एकदा मी समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा विषय सांगून थांबले, तर ते म्हणाले, "मॅडम, अजून बराच वेळ शिल्लक आहे."

"पण विषय संपला की, सर."

"विषय संपला तरी तास भरायला पाहिजे. श्रेयांक तासांवर मिळतात. जरा विस्तार करा."

मी विस्तार केला. नकाशा म्हणजे काय हे पुन्हा सांगितलं, नकाशाचं महत्त्व सांगितलं, मग ते महत्त्व का आहे तेही सांगितलं. तास भरला. सरांनी टाळी वाजवली.

माझी धाकटी नणंद कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात राहते. बारावी झाली तशी तिचं लग्न झालं. मग घर, मुलं, गोठ्यातल्या म्हशी. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली आणि तिनं कुणालाही न विचारता याच अभ्यासक्रमाला नाव घातलं. सासरच्या एका काकांनी विचारलं, "आता या वयात शिकून काय करणार?" तर ती म्हणाली, "शाणी होणार." पुढं कुणी विचारलं नाही.

एका रविवारी मी तिच्याकडं गेले. बाहेरच्या सोप्यात बसून ती मेथी निवडत होती. पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि त्यात मी बोलत होते.

"या वैनी, तुमचाच तास लागलाय," ती म्हणाली.

मी खूश होऊन शेजारी बसले. मोबाईलमधली मी म्हणत होते, "आपण सर्वजण जाणतोच की, मानवी जीवनात नकाशाला अनन्यसाधारण असे स्थान आहे." नणंदेनं बोट पदराला पुसलं आणि मला बंद केलं.

"का गं? बघ की."

"खरं सांगू? राग येणार न्हाय न्हवं?"

"सांग."

"ह्यो तास मी किती येळा लावलाय, पण एकदा बी शेवटापातूर गेलो न्हाय. एकदा म्हस सुटली, एकदा पावणं आलं. एकदा तर झोपलोच. आणि परत लावला की कुठनं सोडलाय ते गावत न्हाय. मग पयल्यापासनं तुमचा नमस्कार!"

"कॉलेजात मुलं तासभर बसून ऐकतात की."

"तितं दार बंद असतंय, वैनी. आणि तुमी समोर असतासा. डोळं मिटलं तर खडू फेकून मारतासा. हितं कोण मारणार?"

मला राग आला होता, पण हसूही आलं. मग ती जरा गंभीर होऊन म्हणाली, "बाकी जाऊ दे. मला एकच कळलं न्हाय. त्या रेषा एकमेकीला छेदत का न्हाईत? तुमी सांगितलायसा म्हणं. तेवढं कुठं हाय ते काढून द्या."

मी मोबाईल हातात घेतला. सांगितलं होतं हे मला पक्कं आठवत होतं. पुढं सरकवलं, मागं सरकवलं. नमस्कार सापडला, महत्त्व सापडलं, एक लांबलचक सारांश सापडला. माझंच वाक्य मला सापडेना. शेवटी मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, "ऊठ. परात आण. आणि कणीक मळलेली असेल तर गोळा आण."

परातीत कणकेचा डोंगर केला. थोडं पाणी ओतलं. पाणी जिथवर टेकलं तिथं सुरीच्या टोकानं सगळीकडून रेघ ओढली. आणखी पाणी ओतलं, आणखी वर रेघ. असं करत टोकापर्यंत गेले. मग पाणी ओतून टाकलं आणि तिला म्हटलं, "आता उभी राहून वरून बघ."

वरून बघितलं की एकात एक कडी दिसत होती. बाहेरची मोठी, आतली लहान.

"ही प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याची एक उंची. आता सांग, एकाच जागी दोन उंचीचं पाणी राहील का?"

"कसं ऱ्हाईल?"

"मग रेषा छेदतील का?"

ती कंबरेवर हात ठेवून परातीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच व्हय?"

परात आणताना तिनं चुलीवर ठेवलेला चहा अजून उकळला नव्हता. घरी परतताना ते "एवढंच व्हय" माझ्या डोक्यातून जाईना. एवढंच होतं, आणि ते एवढंच मी तासाभरात बुडवून ठेवलं होतं, कारण तास भरायचा होता. मला संस्थेचा राग आला, घड्याळाचा आला, त्या पांढऱ्या पट्टीचाही आला. दुसऱ्या दिवशी मी नणंदेला फोन करून विचारलं, "दिवसात सलग किती वेळ तुला कुणी हाक मारत नाही?"

ती विचार करून म्हणाली, "धरा पाच-सा मिन्टं."

म्हणून सहा मिनिटं. लोक मला नंतर विचारायचे की हा आकडा कुठल्या संशोधनातला. हा आकडा उचगावातला आहे.

नवरा तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याचे हात रिकामे होते. त्याच्या हातात मोबाईल दिला. मी एकच नियम केला. एका व्हिडिओत एकच प्रश्न, तो पहिल्याच वाक्यात विचारायचा आणि उत्तर झालं की गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिले कितीतरी दिवस मला ते जमलं नाही. तोंडाला "आपण सर्वजण जाणतोच" ची सवय लागलेली. मी सुरुवात केली की नवरा मोबाईल खाली करून म्हणायचा, "सगळे जाणतात तर सांगतेस कशाला?" दोनदा आमचं भांडण झालं. एकदा मी परात आपटली. पण हळूहळू वाक्यांवरची सालं निघत गेली आणि आतलं राहिलं. वर्गात वेळ मारून नेता येते. इथं नेता येत नव्हती. एखादी गोष्ट मला स्वतःला किती स्पष्ट कळली आहे, हे सहा मिनिटांत उघडं पडायचं.

डोंगरांचे माथे सपाट का, या प्रश्नासाठी आम्ही पन्हाळ्याला गेलो. तटावर वारा इतका की नवऱ्यानं मोबाईलच्या तोंडाला रुमाल बांधला. समोर जोतिबाचा डोंगर दिसत होता. मी सांगत होते की हा माथा बघा आणि तो बघा, दोन्ही साधारण सारखेच उंच, दोन्ही सपाट. कधीकाळी मधली दरीच नव्हती, सगळं एकच पठार होतं. नद्यांनी मधलं मऊ मऊ खाल्लं आणि कठीण थर तेवढे वर राहिले. बाजूला कणसं भाजणारा एक माणूस बराच वेळ बघत होता. तो नवऱ्याला म्हणाला, "पावणं, रील काढतायसा व्हय? गाणं कुठलं लावणार?"

"गाणं न्हाय. भूगोल हाय."

"भूगोल? मग बघणार कोण हो?"

घरातून निघाल्यापासून नवरा पाठदुखीची तक्रार करत होता. पण हे ऐकल्यावर त्याची पाठ ताठ झाली. "बघत्यात की! उचगावात बघत्यात," तो म्हणाला. आम्ही कणसं घेतली आणि तो भाग परत रेकॉर्ड केला, कारण पहिल्यात हे सगळं बोलणं आलं होतं.

सगळा पेपर असा छोट्या छोट्या प्रश्नांत बसवून मी संस्थेत नेऊन दिला. थोड्या दिवसांनी बैठकीला बोलावणं आलं. समन्वयक सर होते आणि बाहेरगावचे एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर माझी परात लावलेली होती.

तज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, हे प्राथमिक शाळेसाठी ठीक आहे. उच्च शिक्षणाला एक भारदस्तपणा लागतो."

"यात चूक काय आहे, सर?"

"चूक नाही हो. पण हे फारच लवकर संपतं."

"कळल्यावर संपतं."

त्यांनी चष्मा काढला. "आणि भाषा. एका ठिकाणी तुम्ही 'आता मी तुम्हाला दाखवतो' म्हणालात. स्त्री असून 'दाखवतो'?"

मला कळलं नव्हतं मी तसं बोलले ते. स्टुडिओत सरकत्या अक्षरांनी मला "दाखवते" केलं होतं. परातीपुढं मी घरची झाले होते. मी म्हटलं, "आमच्याकडं बाई 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणते, सर. माझी आई म्हणायची. हा अभ्यासक्रम घेतलेल्या निम्म्या बाया तसंच म्हणत असतील."

"बोलण्यात चालेल. अभ्यासक्रमात कसं चालेल?"

"ज्यांच्यासाठी अभ्यासक्रम आहे त्यांच्या तोंडात चालतं, मग माझ्या तोंडात का नाही?"

समन्वयक सर मध्ये पडले. "मॅडम, वाद नको. यांचे मिळून पूर्ण तास करू. मध्ये थोडं प्रास्ताविक, थोडा सारांश..."

"मी करणार नाही."

"नियम आहे, मॅडम."

"नियमात तास भरला पाहिजे असं आहे. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे असं कुठं लिहिलंय ते दाखवा. मी तिथं सही करतो."

"करतो" मी मुद्दाम म्हटलं.

पेपर माझ्याकडून काढून घेतला. माझे जुने तासाभराचे व्हिडिओ मात्र संकेतस्थळावर तसेच ठेवले, कारण ते मापात होते. कॉलेजात बातमी पसरली. स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, "काय मॅडम, पुढच्या रीलमध्ये नाचणार काय?" सगळे हसले. मी डबा उघडून जेवत राहिले. उठून जायचं नाही एवढं ठरवलं होतं. शेवटची भाकरी संपेपर्यंत मी तिथंच बसले.

परत आलेले छोटे व्हिडिओ मी नणंदेला पाठवले. तिनं ते तिच्या बरोबरच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकले. तिथून ते कुठं कुठं गेले मला माहीत नाही. एका दुपारी समन्वयक सरांचा फोन आला.

"मॅडम, अनधिकृत साहित्य फिरतंय."

"अनधिकृत काय त्यात? परात घरची, आवाज माझा, डोंगर सगळ्यांचे."

"संस्थेचं नाव खराब होतं हो."

"संस्थेचं नाव त्यात कुठंच नाही. मी नीट बघून काढलंय."

ते सवयीनं म्हणाले, "बरं, तब्येत कशी आहे?" आणि फोन ठेवला.

पुढं संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी एका रविवारी प्रत्यक्ष भेटीचं सत्र ठेवलं. मला बोलावणं नव्हतं. पण नणंद म्हणाली, "मी एकटी जाणार न्हाय, तुमी चला," म्हणून गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. वर्ग भरलेला होता. कारखान्यात पाळी करणारे होते, दुकानं सांभाळणारे होते, लेकरं कडेवर घेऊन आलेल्या बाया होत्या. समन्वयक सरांनी प्रस्तावना केली आणि विचारलं, "आपली व्याख्यानं सगळे बघताय ना?"

काहींनी वह्या उघडल्या. सर हसून पुढं जाणार, तेवढ्यात माझी नणंद उभी राहिली. तिचा आवाज गोठ्यातून रस्त्यापर्यंत जाणारा. वर्गात तो घुमला.

"सर, तासाभराचं शेवटापातूर कुणी बघितलंय त्यानं हात वर करा म्हणा की."

सरांनी नाइलाजानं विचारलं. एकच हात वर झाला. पुढच्या बाकावरचे एक निवृत्त गृहस्थ होते. ते उठून म्हणाले, "मी सगळे बघितलेत. भूगोलाच्या बाई छान बोलतात. मला आवडले."

वर्ग हसला. मला त्या माणसाचा राग यावा की आनंद व्हावा कळेना. पहिल्यांदाच कुणीतरी माझा ऑनलाइन तास शेवटपर्यंत ऐकला होता आणि तोच माझ्या विरुद्ध साक्ष देत होता.

नणंद डगमगली नाही. "काकांना येळ हाय, बरं हाय. आमाला न्हाय. आमी काय आळशी न्हाय, सर. तुमचं एक वाक्य ऐकायला आमाला चाळीस वाक्यं चाळाय लागत्यात. त्या परातीचं लावा. त्ये कळतंय."

मग एक एक आवाज यायला लागले. "व्हय सर, त्ये लावा." "पन्हाळ्याचं बी लावा." "बसमध्ये बघता येतंय ते." निवृत्त काका पुन्हा उठले आणि म्हणाले, "छोटे पण मी बघितलेत. दोन्ही ठेवा की. कुणाचं काय जातंय?" सरांनी वर्गभर नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. मी मान खाली घातली नाही.

लगेच काही बदललं नाही. बऱ्याच दिवसांनी सरांचा फोन आला, आवाज उत्साहाचा. "मॅडम, तुमचंच खरं झालं. वरून सूचना आलीय, आता सगळे व्हिडिओ छोटे पाहिजेत. तुमचे आम्ही तयारसुद्धा केलेत. या बघायला."

गेले. माझ्या जुन्या तासाचे त्यांनी तुकडे केले होते. एक तुकडा वाक्याच्या मध्येच सुरू होत होता. एकात मी नुसतीच नकाशाचं महत्त्व सांगत होते. प्रत्येकाच्या सुरुवातीला धडधड संगीत आणि डोळे मिचकावणारा पृथ्वीचा गोळा. रेषा का छेदत नाहीत ते वाक्य दोन तुकड्यांच्या मध्ये कापलं जाऊन अर्धं इकडं, अर्धं तिकडं पडलं होतं.

मी म्हटलं, "हे काढा."

सर खरोखर गोंधळले. "पण तुम्हीच तर छोटं पाहिजे म्हणत होता!"

"मी छोटं म्हणत नव्हते, सर. पुरं म्हणत होते. एक प्रश्न आणि त्याचं पुरं उत्तर. ते सहा मिनिटांत होत असेल तर सहा, पंधरा लागत असतील तर पंधरा. तेव्हा तुम्ही पाणी घालून वाढवायला सांगितलं, आता सुरी घेऊन कापलंत. दोन्ही वेळा मोजलं घड्याळच."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"हे तुकडे काढा. माझे ठेवायचे असतील तर जसे आहेत तसे ठेवा, 'दाखवतो' सकट. संगीत नको. आणि आठवड्यातून एकदा एक तास मुलांना थेट माझ्याशी बोलू द्या. व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही."

ते खुर्चीत मागं टेकले. थकल्यासारखे दिसत होते. पहिल्यांदाच मला वाटलं की या माणसालाही कुणीतरी पांढऱ्या पट्टीवर उभं केलंय. "वर विचारावं लागेल," ते म्हणाले.

वर काय विचारलं माहीत नाही. तुकडे काढले. माझे व्हिडिओ लागले, पण संकेतस्थळाच्या अगदी तळाला, "पूरक साहित्य" या नावाखाली. थेट तासाला परवानगी मिळाली नाही. तो मी माझा मीच रविवारी मोबाईलवरून घेते. कधी पुष्कळ जण येतात, कधी नणंद आणि ते निवृत्त काका दोघंच येऊन एकमेकांशी भांडतात. काका म्हणतात, अजून सविस्तर सांगा. ती म्हणते, काका, तुमी तासाभराचं बघा जावा.

निकाल लागला तेव्हा नणंद भूगोलात चांगली पास झाली आणि इंग्रजीत राहिली. ती रडली वगैरे नाही. सरळ माझ्या कॉलेजात आली आणि स्टाफरूमच्या दारात उभं राहून म्हणाली, "इंग्लिशच्या बाई कोण हायत?"

मागच्या आठवड्यात त्या बाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या होत्या. रील आणि नाच ऐकून हसणाऱ्यांत त्याही होत्या, पण ते दोघींनीही काढलं नाही. नवऱ्यानं मोबाईल धरला. बाईंनी काळ म्हणजे काय, काळाचे प्रकार किती, भाषेत काळाचं महत्त्व काय, असं सुरू केलं. मी हात वर केला.

"तुम्ही विचारताय काय?"

"अहो, आधी पार्श्वभूमी नको का? भूगोल वेगळा आणि व्याकरण वेगळं," त्या चिडल्या.

नणंद ओट्याला टेकून उभी होती. "बाई, मला हॅज कुठं आणि हॅड कुठं एवढंच सांगा. बाकीचं मागनं बघू."

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला, पदर खोचला आणि माझ्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, "पुसा ते. परत घेऊ. पण मी माझ्या पद्धतीनं सांगणार, तुमच्या बाईंच्या नाही."

मी म्हटलं, "तसंच सांगायचं."